रविवारचं पहिलं पान

(शनिवार, 10 मे 2025. नाशिकच्या एका मराठी दैनिकाचा डेस्क. त्या दिवसाचं टिपण, काही भाग मागाहून जोडलेला)

सकाळी 7.30

भोंग्याच्या आवाजाने जाग आली. खिडकीबाहेर दूधवाला, घंटागाडी, सगळं नेहमीसारखं. भोंगा हॉलमधल्या टीव्हीत वाजत होता. गेले काही दिवस भारत-पाकिस्तान संघर्ष चालू आहे आणि वृत्तवाहिन्यांनी हवाई हल्ल्याचा भोंगा पार्श्वसंगीत म्हणून धरला आहे. बुधवारी, 7 मेला, देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. तिच्या यादीत आमच्या जिल्ह्यातली नाशिक, सिन्नर आणि मनमाड ही तिन्ही नावं होती. भोंगा वाजला की दिवे घालवायचे, उघड्यावर थांबायचं नाही, एवढं तरी लोकांच्या कानावर गेलं. आणि आता तोच आवाज चहाच्या वेळी, जेवताना, जाहिरातीच्या आधी आणि नंतर. खरा भोंगा वाजेल त्या दिवशी कोण उठून दिवा घालवणार आहे?

सासूबाई 1971 मध्ये दादरला शाळेत होत्या. काचांना तपकिरी कागद चिकटवणं, गाड्यांच्या दिव्यांना काळा रंग, गल्लीतून ‘दिवा बंद करा’ म्हणत फिरणारी पोरं, रात्रीच्या आकाशवाणीच्या बातम्या, हे त्यांच्या बोलण्यात नेहमी येतं. आज त्यांना विचारलं, तेव्हा भीती वाटायची का? म्हणाल्या, “वाटायची की. पण कागद चिकटवायचे असायचे, पाणी भरून ठेवायचं असायचं. आता नुसतं बसून बघायचं.” मला दिवसभर हेच आठवत राहिलं. हाताला काम असलं की भीती आवरते. नुसतं बघत बसलेल्याची भीती वाढते, आणि मग तिला कोणीतरी जिंकल्याची बातमी लागते, लगेच, दर पाच मिनिटांनी.

सकाळी 10.15

ऑफिसला निघता निघता भगूरहून एका काकांचा फोन. देवळालीचा तोफखाना शेजारी असल्याने आमच्या जिल्ह्यात फौजेत मुलगा असलेली घरं पुष्कळ. काकांचा मुलगा जम्मूकडे आहे. “ताई, पठाणकोट उडवलं म्हणतात. खरं का?”

मी विचारलं, कोण म्हणतं? मोबाइलवर आलं होतं. आवाज एका वाहिनीचा, चित्र भलतंच. रात्री अडीचनंतर आपल्या हवाई दलाने पाकिस्तानच्या तळांवर मारा केला आणि त्यांनीही आपल्या तळांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन सोडले, एवढं पक्कं होतं. आमचा शनिवारचा अंक तोवर छापून गेला होता, त्यामुळे लोक सकाळपासून टीव्हीच्या आणि मोबाइलच्याच हवाली होते. काकांना म्हटलं, थोड्या वेळाने दिल्लीत सरकारची पत्रकार परिषद आहे, ती ऐकून मी स्वतः फोन करते, तोवर हे पुढे पाठवू नका. मुलाची पलटण कुठली, नेमका कुठे आहे, हे मी विचारलं नाही. ते सांगायला लागले तेव्हा थांबवलं. या दिवसांत आईबापांनीही ते फोनवर बोलू नये.

सकाळी 11.00

परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी, विंग कमांडर व्योमिका सिंह. या परिषदेत नेहमीपेक्षा वेगळी गोष्ट होती. तळांवर हल्ले झाल्याचं आणि काही ठिकाणी थोडं नुकसान झाल्याचं त्यांनी आधी स्वतःहून सांगितलं, आणि मग पाकिस्तानचे दावे खोडले. आदमपूरची एस-400 यंत्रणा उद्ध्वस्त केली, सिरसा, सुरतगडचे तळ संपवले, असे ते दावे. उत्तरादाखल त्या त्या तळांचे त्याच दिवशी घेतलेले, तारीख-वेळ असलेले फोटो दाखवले.

मला हे महत्त्वाचं वाटतं. ‘आमचं काहीच गेलं नाही’ असं म्हणणाऱ्यावर माणूस पहिल्या दिवशी विश्वास ठेवतो, तिसऱ्या दिवशी ठेवत नाही. ‘हे गेलं, हे शाबूत आहे, हा फोटो’ असं म्हणणाऱ्याचं चौथ्या दिवशीही ऐकतो. काकांना फोन करून पठाणकोटचं सांगितलं. त्यांनी फक्त “बरं झालं, ताई” म्हटलं आणि लगेच ठेवला. बहुधा घरात सांगायला गेले.

दुपारी 12.30

संपादकीय बैठक. संपादकांचं पहिलं वाक्य: “परवाच्या रात्रीसारखं आपल्याकडे काहीही होता कामा नये.”

परवाची रात्र म्हणजे 8 मे. त्या रात्री जम्मू, उधमपूर, पठाणकोटवर ड्रोन आले. धरमशालेतला पंजाब किंग्ज आणि दिल्ली कॅपिटल्सचा सामना मधेच थांबवून प्रेक्षकांना घरी पाठवलं. बातमी तेवढीच होती आणि ती पुरेशी गंभीर होती. पण काही वाहिन्यांवर त्याच रात्री आपल्या नौदलाने कराची बंदर जाळलं, फौजा इस्लामाबादेत शिरल्या, पाकिस्तानचे लष्करप्रमुख पकडले गेले. यातलं काहीही घडलं नव्हतं. कराचीची आग म्हणून जी दृश्यं फिरली त्यांत अमेरिकेत फिलाडेल्फियाला जानेवारीत पडलेल्या विमानाची दृश्यं होती. युद्धाच्या म्हणून व्हिडिओ गेमच्या चित्रफिती होत्या. एका वाहिनीने दुसऱ्या दिवशी पडद्यावर माफी मागितली.

आमच्या डेस्कवर त्या रात्री बाराच्या पुढे दडपण होतं. वितरण विभागाचा फोन, एजंटांचे फोन: सगळे कराची लावणार, आपण मागे पडू. आम्ही लावली नाही, कारण नौदलाकडून, संरक्षण मंत्रालयाकडून, पीटीआयकडून एक ओळही नव्हती. शुक्रवारी सकाळी वाचकांनी झापलं. तुमच्या पेपरला देशाचं काही नाही का, असंही एकाने विचारलं. ते लागलं. पण देशाची काळजी आहे म्हणूनच ती बातमी लावली नव्हती.

बैठकीत तरुण उपसंपादक म्हणाला, “मॅडम, लोकांचा उत्साह वाढला तर बिघडलं कुठे?” प्रश्न खरा होता आणि त्याला टाळून चालणार नव्हतं. संपादकांनी त्याला 1962 चं चीनयुद्ध सांगितलं. ऑक्टोबर-नोव्हेंबर 1962 मध्ये देशात सभा होत होत्या, बायका दागिने देत होत्या, आणि आघाडीवर खरं काय चाललंय याचा पत्ता लोकांना नव्हता. बोमदिला पडल्याचं 19 नोव्हेंबरला कळलं आणि तेजपूर एका दिवसात रिकामं झालं. सरकारी अधिकारी निघून गेले, बँकेतल्या नोटा जाळल्या. तेजपूरची माणसं भित्री होती म्हणून हे झालं नाही. कालपर्यंत सगळं ठीक असल्याचं सांगणाऱ्यांनी आज अचानक पळा म्हटलं, मग थांबायचं कशाच्या जोरावर? त्याच आठवड्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून मुंबईहून दिल्लीला गेले, आणि पुढच्या वर्षी ते आमच्या नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध गेले. नाशिकच्या जुन्या माणसांना चव्हाणांचं बिनविरोध येणं पाठ असतं. ज्या पराभवामुळे ते आले त्या पराभवाच्या बातम्या कशा दडल्या होत्या, ते मात्र कोणी बोलत नाही.

दुसरा मुद्दा संरक्षण मंत्रालयाच्या कालच्या सूचनेचा: लष्करी कारवाईचं, फौजांच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण नको. कारगिल, कंदाहार आणि 26/11 ची आठवण त्यात करून दिली आहे. मुंबईच्या हल्ल्याचं थेट प्रक्षेपण कराचीत बसलेले सूत्रधार बघत होते आणि आतल्या अतिरेक्यांना फोनवर सांगत होते, हे कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच कडक शब्दांत नोंदवलं आहे. त्यावर आमच्यात कुणाचंच दुमत नाही. दारूगोळ्याची गाडी कुठून कुठे गेली हे वाचकाला कळायची गरज नाही. पण हालचाली न सांगणं वेगळं आणि न घडलेला विजय सांगणं वेगळं. आणि बोलणाऱ्यांची तोंडं बंद करणं हे तिसरंच. हजारो समाजमाध्यम खाती बंद करण्याचे आदेश निघाले. त्यात खोटं पसरवणारे होते तसे खोटं उघडं पाडणारेही असू शकतात. त्यांनाही गप्प केलं तर अफवेला मोकळं रान मिळतं. मी हे बैठकीत बोलले. सगळ्यांना पटलं असं नाही.

ठरलं ते असं: दोन ठिकाणांहून दुजोरा, त्यातला एक नाव घेऊन बोलणारा. पाकिस्तानचा दावा हा दावा म्हणूनच. आणि मेलेल्या माणसाची ओळख पोलिसांनी सांगितल्याशिवाय नाही. ही शेवटची अट पूंछमुळे आली. तिथे 7 मेच्या तोफमाऱ्यात मदरशातला एक शिक्षक मारला गेला, आणि काही वाहिन्यांनी त्याला चक्क दहशतवादी केलं. पूंछ पोलिसांना खुलासा करावा लागला. त्याच्या घरच्यांनी दफनविधीच्या दिवशी ते टीव्हीवर बघितलं असेल. सीमेवरच्या गावात आधीच तोफगोळे पडतात, त्यात आपलेच लोक आपल्याला शत्रू म्हणायला लागले तर त्या गावाने कुठल्या बळावर टिकायचं?

दुपारी 3.00

तालुक्यांचे वार्ताहर. एका गावात पेट्रोल पंपावर रांग लागली आहे, मध्यरात्रीपासून पंप बंद असा मेसेज फिरतोय. दुसरीकडे एटीएमसमोर गर्दी, दोन-तीन दिवस एटीएम बंद राहणार म्हणून. एटीएमचा हा मेसेज देशभर फिरला आणि केंद्र सरकारच्या पीआयबीने तो खोटा ठरवला. इंधन मुबलक असल्याचं इंडियन ऑइलने कालच जाहीर केलं. आमच्या जिल्ह्यापुरती पडताळणी सोपी, कारण मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. वार्ताहराला म्हटलं, कंपनीचं पत्रक नको, तू पानेवाडीला जा आणि टँकर भरून निघतायत का ते बघ. तासाभरात त्याचा फोन: “निघतायत, मॅडम. नेहमीसारखेच. ड्रायव्हर म्हणतात आम्हाला कोणी काही सांगितलेलं नाही.”

यावर मथळा काय द्यायचा? उपसंपादकाने लिहिलं होतं: ‘पेट्रोल पंप बंद राहणार? अफवांवर विश्वास ठेवू नका’. बहुतेक डेस्कवर असंच लिहितात. पण पेपर चाळणारा माणूस पहिले चार शब्द वाचतो आणि पान उलटतो. त्याच्या डोक्यात राहतं ‘पंप बंद राहणार’. प्रश्नचिन्ह कोणाच्या लक्षात राहत नाही. शिवाय विश्वास ठेवू नका म्हटलं की कशावर, हे शोधायला तो परत मोबाइल उघडतो. मथळा बदलला: ‘जिल्ह्यात इंधन मुबलक, पानेवाडीतून टँकर रोजच्यासारखे सुरू’. अफवेचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात, एका ओळीत. सोबत चौकट: घरात काय ठेवायचं, भोंगा वाजला तर काय करायचं, कोणाला फोन करायचा. पहिल्या पानावर ती जाहिरातीच्या शेजारी लावायला अर्धा तास भांडावं लागलं.

नागरी संरक्षण महासंचालनालयाचं पत्रकही आज आलं: जनजागृतीखेरीज कार्यक्रमांत भोंग्याचा आवाज वापरू नका, लोकांना त्याची सवय होईल. चांगलं झालं. तेही त्याच चौकटीत घेतलं.

सायंकाळी 5.25

पहिल्या पानाचा आराखडा तयार होता. लीड हवाई तळांची, खाली राजौरीतला तोफमारा. पाच पंचविसाला ट्रम्प यांची पोस्ट आली: भारत आणि पाकिस्तान पूर्ण आणि तातडीच्या शस्त्रसंधीला तयार. डेस्कवर सगळे उभे राहिले. मी म्हटलं, बसा. वॉशिंग्टनहून आलेली बातमी आपल्या सरकारच्या तोंडून येईपर्यंत ती ट्रम्प यांचा दावा आहे.

सहाच्या सुमाराला मिस्री आले. मोजकी वाक्यं. पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी (डीजीएमओ) दुपारी 3.35 ला आपल्या डीजीएमओंना फोन केला. सायंकाळी 5 पासून जमीन, आकाश आणि समुद्रावरची सगळी कारवाई थांबवायची. 12 मेला दुपारी 12 वाजता पुन्हा बोलणं. प्रश्न घेतले नाहीत. बातमी एवढीच, आणि ती एवढीच द्यायची होती.

सायंकाळी 6.30 ते 8.30

या दोन तासांत जेवढे फोन आले तेवढे निवडणुकीच्या निकालालाही येत नाहीत. निम्मे लोक आनंदात होते आणि त्यांना ते मोठ्याने बोलायला संकोच वाटत होता. भगूरचे काका रडले. बाकीचे संतापलेले. सिडकोतले एक गृहस्थ ओरडत होते, “कराची घेतली होती ना आपण? मग थांबलात कशाला?” मी सांगितलं, कराची घेतली नव्हती. ते म्हणाले, “म्हणजे टीव्ही खोटं बोलला?” मी हो म्हटलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पण मग सांगायचं ना कुणीतरी.”

या माणसाचा राग खोटा नव्हता. 22 एप्रिलला पहलगाममध्ये 26 जण मारले गेले तेव्हापासून तो धगधगत होता. त्याला दहशतवाद्यांच्या नऊ ठिकाणांवर झालेला 7 मेचा हल्ला पुरेसा वाटला असता, तळांवरचा मारा मोठा वाटला असता. पण दोन रात्री आधी त्याच्या पदरात एक अख्खं बंदर आणि एक राजधानी टाकली होती. त्यापुढे घडलेलं सगळं लहान दिसलं. मग जे थांबले ते त्याला दगाबाज वाटले. पुढच्या दोन दिवसांत हाच राग मिस्रींवर निघाला, त्यांच्या मुलीपर्यंत गेला, आणि त्यांना आपलं एक्सवरचं खातं कुलूपबंद करावं लागलं. निर्णय त्यांचा नव्हता, ते तो वाचून दाखवत होते. भीतीवर फुगवलेला उत्साह जेव्हा फुटतो तेव्हा तो शत्रूकडे जात नाही, जवळ सापडेल त्याच्यावर पडतो.

आणि मला तेव्हा जास्त काळजी होती ती उद्याची. युद्ध पुन्हा पेटलं तर सिडकोचे हे गृहस्थ कोणाचं ऐकतील? सरकारने खरोखरच दिवे घालवा म्हटलं तर घालवतील का?

रात्री 9.00

श्रीनगरात स्फोटांचे आवाज. मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला स्वतःच एक्सवर विचारतायत, शस्त्रसंधीचं झालं काय? डाक आवृत्तीचं पान सुटायला थोडाच वेळ होता. सुरगाणा, पेठ, कळवणला हीच आवृत्ती जाते. तिथल्या माणसाला उद्या दुपारपर्यंत दुसरा पेपर मिळणार नाही. शस्त्रसंधीचा मथळा तसाच जाऊ द्यायचा? मुद्रण विभागाला विनंती करून जरा वेळ मागून घेतला. मथळा ठेवला, पण दुसरी ओळ त्याच जाडीच्या अक्षरात घेतली: ‘काही तासांतच श्रीनगरमध्ये स्फोटांचे आवाज, ओमर अब्दुल्लांची माहिती’. दिल्लीचा दुजोरा नव्हता, म्हणून नाव घालून. गाड्या उशिरा निघाल्या, त्याचा जाब द्यावा लागेल.

त्याच वेळी एका वार्ताहराने ‘श्रीनगरचा ताजा स्फोट’ म्हणून एक व्हिडिओ टाकला. पांढरा घुमट वर चढतो, शेजारी बंदरातलं धान्याचं उंच कोठार. श्रीनगरला बंदर कुठून आलं? 2020 च्या ऑगस्टमधला बैरूतचा स्फोट, गेले तीन दिवस वेगवेगळ्या शहरांच्या नावाने फिरतोय. गुजरातचं हाजिरा बंदर म्हणून असाच 2021 चा तेलाच्या टँकरचा स्फोट फिरत होता. वार्ताहराला रागावले नाही. दिवसभर उन्हात फिरून आलेला मुलगा तो. त्याला फोनवर दाखवलं की चित्रात आधी आग बघायची नाही, आगीच्या बाजूचं बघायचं: पाट्या, झाडं, गाड्यांचे नंबर, पाणी.

रात्री 11.00

मिस्री पुन्हा. गेल्या काही तासांत समजुतीचा वारंवार भंग झाला, सैन्य योग्य उत्तर देत आहे, पाकिस्तानने हे थांबवावं. शहर आवृत्तीचा मथळा बदलला. दिवसातला तिसरा.

रात्री 12.15

उपसंपादकाने आज दुसऱ्यांदा नेमका प्रश्न विचारला. परदेशी वृत्तसंस्था पहिल्या रात्री आपली लढाऊ विमानं पडल्याचं सांगत होत्या. ते द्यायचं का? काहींचं मत होतं, अशा वेळी नको, लोकांचा धीर सुटेल. मी आणि संपादकांनी ठरवलं, द्यायचं: पाकिस्तानचा दावा काय, परदेशी वृत्तसंस्था काय म्हणतात, आणि भारत सरकारने यावर काही सांगितलेलं नाही. आतल्या पानावर, आठ ओळी.

लोकांचा धीर असल्या बातमीने सुटत नाही, हे पुढे दिसलं. दुसऱ्याच दिवशी एअर मार्शल ए. के. भारती यांनी सांगितलं की नुकसान हा लढाईचा भागच असतो आणि आपले सगळे वैमानिक परतले आहेत. 31 मेला सिंगापुरात संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी विमानं गेल्याचं मान्य केलं. किती गेली यापेक्षा का गेली आणि नंतर आपण काय सुधारलं हे महत्त्वाचं, असा त्यांचा रोख होता. कुठे पळापळ झाली? कुठे रांगा लागल्या? रांगा लागल्या होत्या त्या एटीएमच्या खोट्या मेसेजने. 1940 मध्ये लंडनवर बॉम्ब पडण्याआधी तिथल्या सरकारनेही हेच धरलं होतं की लोक वेड्यासारखे सैरावैरा होतील. मनोरुग्णांची मोठी लाट येईल म्हणून तयारी करून ठेवली होती. लाट आली नाही. सामान्य माणसाच्या काळजाविषयी राज्यकर्त्यांचा आणि आम्हा बातमीवाल्यांचा अंदाज नेहमी कमीच असतो.

रात्री 12.40

पान सातवर राजौरी. सकाळच्या तोफमाऱ्यात तिथले अतिरिक्त जिल्हा विकास आयुक्त राजकुमार थापा घरातच मारले गेले. हा मजकूर आज दिवसभर खाली सरकत होता: आधी हवाई तळांनी, मग ट्रम्पनी, मग श्रीनगरने ढकलला. तो पुन्हा पहिल्या पानावर घेतला, तळाशी तीन कॉलम, सोबत पूंछमधून गाव सोडून निघालेल्यांची बातमी. एक जाहिरात आत गेली. त्याबद्दल सकाळी फोन येईल, घेईन.

रात्री 1.20

शहर आवृत्तीचं पान सुटलं. रविवारच्या पाळीसाठी वहीत नोंदी करून ठेवल्या: सैन्यदलांची काही पत्रकार परिषद आहे का, दिल्लीला विचारणे. 12 मे, दुपारी 12, डीजीएमओंची चर्चा, मधला दीड दिवस अफवांचा, तालुक्यांना सकाळी नऊलाच फोन करणे. भोंग्याची चौकट सोमवारीही पहिल्या पानावर, जागा आत्ताच जाहिरात विभागाला कळवणे. सिडकोचे गृहस्थ पुन्हा फोन करतील, तर नीट बोलणे, आणि त्यांना 9 मेचा आपला अंक पाठवणे.